चॅनलच्या इंटरव्ह्यूत कुणी माज दाखवला तर

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या पोरीची व्हॉइस नोट आली, चांगली लांबलचक, आणि निम्मी तर नुसती नाक ओढण्यातच गेलेली. जर्नलिझमचा कोर्स नुकताच संपलाय, संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला आली, दादरला मैत्रिणीकडं अंघोळ उरकून इंटरव्ह्यूला गेली, तिथं दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि आत गेल्यावर समोरच्या साहेबांनी सीव्ही हातात पण न घेता विचारलं, तुला कुणी सांगितलं गं टीव्हीत ये म्हणून? पुढचं मी इथं लिहीत नाही, तिचं ते तिचं. पण शेवटी ती म्हणाली, ताई टीव्हीत असंच असतं का, असेल तर मी आत्तापासूनच सवय करून घेते. तिला उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं वाढलं की म्हणलं इथंच टाकावं, हा प्रश्न मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच.

मी परभणीकडची. आधी पेपरला तालुक्याची बातमीदार, मग लोकल केबलचं चॅनल, मग मुंबईत डेस्क, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या लिहिणं, आता बुलेटिन प्रोड्युसर. इंटरव्ह्यू भरपूर दिले, काही खरंच चांगले झाले आणि काही असे की खाली रस्त्यावर आल्यावर आधी कुठंतरी बसावं लागलं. हल्ली कधी कधी टेबलाच्या पलीकडं पण बसवतात मला. त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं माहितीय.

पहिलं म्हणजे ती थाप, जी प्रत्येक नव्या पोराला ऐकवली जाते. की बाबा न्यूजरूममध्ये एवढा आरडाओरडा असतो, तो झेपेल का ते बघायला सर मुद्दाम असं बोलतात, प्रेशर टेस्ट असते ती. मी पण बरीच वर्षं हे खरं मानलं. मग पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून बुलेटिन लाइव्ह चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये, बसायला लागले. २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल, २८८ जागांचे आकडे मिनिटा मिनिटाला हलतायत, कुणीतरी ओरडतंय टॉप बँड (स्क्रीनवरची वरची पट्टी) बदल, कुणी म्हणतंय तो फोनो (फोनवरचं लाइव्ह बोलणं) तोड आधी, रिपोर्टर लाइव्हला उभा आहे आणि त्याचा आवाजच येत नाहीये, अँकर कानातल्या टॉकबॅकवर दोघांचं एकदम ऐकतोय, आणि त्या दिवशी मला माझ्या सीनिअरने जे काही सुनावलं ते घरच्यांनी कधी सुनावलं नसेल. पण ते सगळं कशाबद्दल होतं? बाइट (कुणाच्या तरी बोलण्याची क्लिप) कुठंय. आकडा जुना का आहे. ग्राफिक्स अजून का नाही आलं. त्यात माझा बाप काय करतो, माझं कॉलेज कुठलं, माझा रंग कसा, यातलं एक अक्षर नव्हतं. आणि बुलेटिन संपल्यावर त्याच माणसाने वडापाव मागवले आणि पहिला माझ्याकडं सरकवला.

इंटरव्ह्यूच्या खोलीत काहीच ऑन एअर नसतं. एसी चालू असतो, चहा आलेला असतो, घाई कुणालाच नसते. तिथं बसून समोरच्या चोवीस वर्षाच्या पोराला ‘तुमच्या त्या गावच्या चॅनलला आम्ही अनुभव धरत नाही’ असं हसत हसत म्हणणं, यात कसलं प्रेशर तपासलं जातं मला कुणीतरी समजावून सांगा. खरंच प्रेशर बघायचं असेल तर सोपं आहे की, पीटीआय या वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, द्या, दहा मिनिटांत मराठी अँकर लीड (अँकरने वाचायची सुरुवात) आणि तीन हेडलाइन मागा, आणि मध्येच सांगा की आता आकडा बदलला. घाम फुटतो, मी बघितलाय फुटताना. तो करायला डोकं लावावं लागतं, अपमान करायला लागत नाही.

माझं स्वतःचं मत असं झालंय की आपले काही एडिटर रात्री नऊच्या डिबेटमधून बाहेरच येत नाहीत. तिथं स्क्रीनवरच्या सहा खिडक्यांमधल्या माणसांना तोडायची सवय लागलेली असते, मग इंटरव्ह्यूला आलेलं पोरगं म्हणजे सातवी खिडकी. असो.

तर समजा समोरून खोचक आलं, मग करायचं काय. मी एकच गोष्ट करते, ती टिप्पणी कामावर आणून ठेवते आणि नेमकं काय चुकलं ते विचारते. याचा सगळ्यात चांगला अनुभव मला टोनवरून आला. आमच्याकडं काय करायलेत, कुठं जायलेत असं बोलतात, ते स्क्रीनवर चालत नाही हे मला पण कळतं, ती स्क्रीनची भाषा वेगळी असते आणि ती शिकावी लागते, मी शिकले. मुंबईतल्या एका चॅनलला स्क्रीन टेस्ट दिली, प्रॉम्प्टरवरून दोन बातम्या वाचल्या, आणि आतले साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, टोन फार गावाकडचा आहे, हे नाही होणार. मी म्हणलं सर कुठला शब्द खटकला सांगा, मी परत वाचते. ते म्हणाले एकूणच. मी म्हणलं एक तरी सांगा. मग ते वैतागले, म्हणाले आता मी तुला शब्द शिकवत बसू का. शब्द सांगायला ऐकावं लागतं ना, आणि त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, कारण हा माणूस माझ्या वाचण्याबद्दल बोलतच नव्हता हे मला स्पष्ट दिसलं.

त्यानंतर काही महिन्यांनी दुसरीकडं एक मॅडम होत्या. चेहऱ्यावर हसू नाही, बसा पण म्हणल्या नाहीत. टेस्ट बघून सरळ म्हणाल्या, ‘शासन निर्णय’ म्हणताना तुझ्या ण चा न होतो, ‘आणि’मध्ये तर दर वेळी होतो, वाक्य संपताना आवाज खाली बसतो, आणि श्वास चुकीच्या जागी घेतेस म्हणून आकडे तुटतात, ‘एक हजार’ म्हणून थांबलीस आणि मग ‘दोनशे कोटी’, लोकांना काय कळणार? कडक होतं, कान लाल झाले माझे. पण मी ते घरी येऊन वहीत लिहून काढलं आणि आजही इंटर्न आले की त्यांना तसंच शिकवते. दोघंही उद्धटच बोलले म्हणा, पण मॅडमचं बोलणं मला घरी घेऊन जाता आलं, साहेबांच्या बोलण्यात घेऊन जाण्यासारखं काही नव्हतंच.

आता कुणी म्हणेल की मराठी बातम्यांचा एक दर्जा होता, दूरदर्शनवर अनंत भावे, प्रदीप भिडे, भक्ती बर्वे यांना ऐकून लोक उच्चार शिकले, मग टोनबद्दल बोलायचं नाही का. बोला की! पण तो दर्जा पाळणारी माणसं वाचून दाखवायची, कसं वाचायचं ते सांगायची. ‘गावाकडचा’ हा काही उच्चारातला दोष नाही. आणि गंमत म्हणजे त्याच चॅनलला अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात गेलं की परभणी-हिंगोलीचा शेतकरी त्याच टोनमध्ये बाइटला लागतो, तो ‘ओरिजनल’ वाटतो म्हणे.

अरे-तुरेचं थोडं वेगळं आहे. मराठी न्यूजरूममध्ये आठवडाभरात सगळे तू वर येतात, वीस वर्षं सीनिअर असलेला पण तूच असतो आणि त्यात वाईट काही नाही. त्यामुळं इंटरव्ह्यूत तू म्हणलं म्हणून लगेच दुखावून घेऊ नका. बघायचं हे की तुमच्या आधी आत गेलेल्या मुलाला तुम्ही आणि तुम्हाला तू असं आहे का, आणि चहा घेऊन आलेल्या दादाशी कसं बोलतायत. मी मात्र माझ्याकडून शेवटपर्यंत तुम्ही, सर, मॅडम सोडत नाही, त्यात घाबरणं नाही, उलट त्यामुळं समोरच्याला आपला आवाज किती चढलाय ते कळतं कधी कधी.

वाट बघायला लावणं, याबद्दल मी जरा एडिटर लोकांच्या बाजूने बोलणार. ज्याने तुमचा इंटरव्ह्यू घ्यायचाय तोच आउटपुट, म्हणजे स्क्रीनवर काय जाणार ते, बघत असतो, मध्येच ब्रेकिंग आलं की तो पळतो, रनडाऊन (बातम्यांचा क्रम) पूर्ण उलटा करावा लागतो, आणि तुम्ही बाहेर बसलाय हे खरंच विसरतो. मी विसरलेय का? हो, एकदा जवळजवळ. पण बाहेर येऊन सॉरी म्हणायला काही सेकंद लागतात. डबा सोबत ठेवा, चार्जर ठेवा, आणि फार झालं तर एचआरला शांतपणे विचारा की आज होणार का, माझी परतीची गाडी आहे. हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. लोक आठ-दहा तास प्रवास करून येतात, तिकीट स्वतःच्या पैशाचं असतं.

जनरल नॉलेजचे प्रश्न कितीही तुच्छतेने विचारले तरी उत्तर द्यायचं. विधान परिषदेत सदस्य किती, ७८. राज्यसभेला महाराष्ट्रातून किती, १९. जिल्हे ३६. हे डेस्कवर बसणाऱ्याला यायलाच पाहिजे, यात अपमान शोधू नका. नाही आलं तर ‘माहीत नाही, बघून सांगते’ एवढंच म्हणायचं. उगाच ठोकून दिलेलं उत्तर पॅनलला लगेच कळतं आणि मग त्यांना आयतंच कोलीत मिळतं.

चेहऱ्याचं बोलू. अँकर, रिपोर्टरच्या जागेसाठी कॅमेऱ्यासमोर कसे दिसता हे बघणार, मला आवडो न आवडो. पण मी डेस्कच्या जागेसाठी गेले होते तेव्हा एकाने माझ्याकडं बघून बाजूच्याला म्हणलं, हिला स्क्रीनवर तर नाही आणता येणार. जणू मी तिथं नाहीच. मी म्हणलं सर मी कॉपीसाठी आलेय, माझी टेस्ट कॉपी बघितली का तुम्ही? बघितली नव्हती. मग बघितली. तिथं नोकरी लागली नाही, हे पण सांगून टाकते, नाहीतर ही सगळी मोटिव्हेशनल गोष्ट वाटेल. पण बाजूला बसलेल्या माणसाने पुढं दुसऱ्या चॅनलला गेल्यावर मला फोन केला. आणि रंगाचं म्हणाल तर मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ला, त्यानंतर थोड्याच काळात तिथं स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. लोक आजही सांगतात. पन्नास वर्षांपूर्वी जे चाललं ते आता का चालू नये, हे फेअरनेस क्रीमच्या जाहिराती विकणाऱ्यांना विचारायला हवं.

(आकाशवाणीने अमिताभला आवाजावरून नाकारलं होतं हा किस्सा तुम्हाला रिजेक्ट झाल्यावर किमान चार नातेवाईक सांगतील. ऐकून घ्यायचा. घरभाडं त्या किश्श्याने भरत नाही.)

लग्न कधी करणार, मूल कधी, घरचे नाइट करू देतील का. हे प्रश्न मुलांना विचारलेले मी एकदाही ऐकले नाहीत. यावर चिडण्यापेक्षा माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘नाइटला माझी तयारी आहे, आधीच्या ठिकाणी पण करत होते. तुमच्याकडं ड्रॉप घरापर्यंत आहे का?’ हे मी काही स्मार्टपणा म्हणून विचारत नाही, महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७चा कायदा आहे त्यात हे लिहिलेलंच आहे, की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षेची आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय कंपनीने करायची. मी कायद्याचं नाव घेत नाही, नुसतं ड्रॉपचं विचारते, आणि समोर कोण गडबडतं ते बघते. माझ्या लग्नाचा विषय तिथंच संपतो, आता त्यांच्या गाडीचा विषय सुरू होतो.

आडनावाचं मात्र मला अजून जमलेलं नाही. ‘हे आडनाव कुठलं म्हणायचं’ असं गोड आवाजात विचारतात, मग तालुका विचारतात, मग मामाचं गाव, आणि हळूहळू जिथं पोचायचं तिथं पोचतात. मी पहिल्या प्रश्नाला जिल्ह्याचं नाव सांगते आणि पुढं तिथल्या बीटबद्दल बोलायला लागते, गोदावरीचं पाणी, कापूस, विद्यापीठ, जे सुचेल ते. काहींना कळतं, विषय सोडतात. काही सोडत नाहीत. माझा एक मित्र सरळ जात सांगतो आणि विचारतो, पुढं? त्याची पद्धत चांगली की माझी, मला माहीत नाही, त्याच्यात दम आहे एवढं खरं.

आता यापुढचं मुद्दाम वेगळं करून लिहितेय, कारण हे उद्धटपणात धरायचंच नाही. अंगावरून बोलणं, घाणेरडे जोक, इंटरव्ह्यू ऑफिसात न घेता रात्री हॉटेलवर या म्हणणं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा जो कायदा आहे, सगळे त्याला पॉश म्हणतात, त्यात बाई तिथं नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही, म्हणजे इंटरव्ह्यूला आलेली मुलगी पण तक्रार करू शकते. दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजेच, नसेल तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. तक्रार लेखी द्यायची, तीन महिन्यांच्या आत, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते. पत्रकार प्रिया रमाणींचं प्रकरण आठवत असेल, त्यांनी सांगितलेला अनुभव नोकरीच्या इंटरव्ह्यूचाच होता, मुंबईतल्या हॉटेलमधला, पेपरच्या नोकरीसाठीचा. तो इंटरव्ह्यू घेणारे संपादक एम. जे. अकबर यांनी आरोप फेटाळले, बदनामीचा खटला घातला, आणि १७ फेब्रुवारी २०२१ला दिल्लीच्या कोर्टाने रमाणींना निर्दोष सोडलं, आणि म्हणलं की बाईला अनेक वर्षांनंतर पण आपली तक्रार मांडायचा हक्क आहे. असं काही झालं तर त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण कोण होतं, काय शब्द वापरले, सगळं लिहून ठेवा आणि एका विश्वासाच्या माणसाला पाठवून ठेवा. हॉटेलवर तर जाऊच नका, ऑफिसात बोलवा म्हणावं, चॅनलला ऑफिस असतंच.

बाकी साध्या माजासाठी उठून निघून यायचं का? मी आलेय. ‘सर मला वाटतं आपलं जमणार नाही, वेळ दिलात त्याबद्दल थँक्यू’ म्हणलं आणि फाइल उचलली. मागून काहीतरी बोलले ते, मी ऐकलं नाही. पण दार आपटलं नाही, आणि त्या रात्री कुठं नाव घेऊन पोस्ट पण टाकली नाही. यात मोठेपणा काही नाही, हिशोब आहे. मराठी न्यूज चॅनल बोटावर मोजण्याएवढी. ईटीव्हीच्या हैदराबादच्या डेस्कवर तयार झालेली माणसं पुढं मुंबईत पसरली, २००७ला झी २४ तास आणि स्टार माझा आलं, २००८ला आयबीएन लोकमत, चॅनलची नावं बदलली, मालक बदलले, पण तीच माणसं या मजल्यावरून त्या मजल्यावर जात राहिली. आज ज्याने तुम्हाला हाकललं तो दोन वर्षांनी तुमच्याच चॅनलला इनपुट हेड (बातम्या गोळा करणाऱ्यांचा प्रमुख) म्हणून येऊ शकतो, आणि तुम्ही पण त्याच्या आधी तिथं पोचलेले असू शकता. ज्यांच्या घरी हप्ते आहेत त्यांनी उठून यावं असं मी सांगणार नाही. तोंड बंद ठेवून नोकरी घ्या, घ्यावी लागते, फक्त त्या माणसाचं म्हणणं खरं मानून बसू नका.

पलीकडच्या बाजूने दिसतं ते पण सांगते. पॅनलवर चार जण असतात आणि माज बहुतेक वेळा एकाचाच असतो. बाकीचे तीन खाली बघत असतात, कारण त्यांना पण तो रोज झेलायचा असतो. त्यामुळं उत्तर त्या एकाला द्यायचं पण नजर सगळ्यांवर फिरवायची, कुणीतरी एक जण नक्की तुमची कॉपी नीट वाचतोय. मी स्वतः काय करते, तर आमच्या बाजूने फालतू प्रश्न गेला की मध्येच म्हणते, तुमच्या टेस्टमधल्या दुसऱ्या हेडलाइनबद्दल सांगा ना. एवढंच जमतं मला. यापेक्षा जास्त बोलायची माझी अजून तिथं जागा नाही.

आणि हो, टेस्टच्या नावाखाली दहा स्टोरी आयडिया लिहून मागतात, पूर्ण पॅकेज शूट करून आणायला सांगतात, मग ते कुठंतरी चालतं पण. दोन आयडिया द्या, त्या पण दोन ओळीत, बाकीच्या जॉइन झाल्यावर.

निघताना खाली टपरीवर थांबायचं, हे मी त्या पोरीला पण लिहिलंय. प्रत्येक चॅनलच्या खाली एक टपरी असते आणि तिथं डेस्कची, कॅमेऱ्याची, व्हिडिओ एडिटिंगची पोरं शिफ्ट सुटल्यावर उभी असतात. चहा घ्यायचा आणि सहज विचारायचं, इथं पगार कितीला होतो हो? सात तारीख म्हणाले तर ठीक. एकमेकांकडं बघून हसायला लागले तर सरळ पुढचं विचारायचं, म्हणजे कुठल्या महिन्याचा?